विजेच्या गाडीचें अर्धें चरित्र

३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धांवली व गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें समारंभ झाला. जी. आय. पी. रेल्वेच्या विद्युतीकरणाची हकीकत सामान्यतः येथें सुरू होते आणि बहुधा येथेंच संपते. २०२५ सालीं या घटनेस शंभर वर्षें पुरीं झालीं, तेव्हां आमच्या पाहण्यांत आलेल्या लेखांतहि हाच पाठ थोड्या फरकानें आढळला. तारीख बरोबर आहे; तीविषयीं आमचा वाद नाहीं. आमचा आक्षेप असा कीं, या हकीकतींत कार्याचें वर्णन आहे, कारणाचें नाहीं. वाफेची आगगाडी आपला कोळसा व पाणी बरोबर घेऊन निघते. विजेच्या गाडीचें बळ तिच्या डोक्यावरील तारेंत असतें. तार सोडून लिहिलेलें तिचें चरित्र अर्धेंच होय.

हें तारेचें काम वरवर दिसतें तितकें साधें नव्हे. वीजगृहांतून येणारा उच्च दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह मार्गालगतच्या उपकेंद्रांत उतरवून, फिरत्या यंत्रांनीं १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहांत पालटावा लागे. दाब इतका बेताचा असल्यामुळें १५०० किलोवॅट शक्ति घेणाऱ्या गाडीस एक हजार अँपिअर प्रवाह लागतो, आणि तो दूरवर नेतां दाब घसरतो. म्हणून तांबें जाड व उपकेंद्रें जवळजवळ ठेवणें भाग पडलें. गाडीस स्पर्श करणारी तार सरळ राहावी यासाठीं ती वरच्या झोळदार तारेस लहान लोंबत्या तारांनीं टांगतात. आणि पँटोग्राफची पट्टी एकाच जागीं झिजूं नये म्हणून ती एका खांबाशीं डावीकडे, दुसऱ्याशीं उजवीकडे ओढून धरितात. परतीचा प्रवाह रुळांतून जातो, त्यामुळें रुळांचे सांधेहि तांब्यानें जोडावे लागतात.

याहून मोठी उणीव कालक्रमाची आहे. टाटांचें खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें, भिवपुरीचें १९२२ सालीं, आणि मुळशीच्या पाण्यावर चालणारें भिऱ्याचें १९२७ सालीं. तेव्हां १९२५ ची गाडी मुळशीच्या पाण्यावर चालली असें कोणी लिहील तर तो कालविपर्यास होईल. परंतु मुळशीचें नांवच न घेणें ही त्याहून मोठी चूक आहे. बी. बी. सी. आय. रेल्वेची कुलाबा-बोरिवली गाडी ५ जानेवारी १९२८ रोजीं विजेवर धांवली, तेव्हां मुंबईस येणाऱ्या विजेंत मुळशीचा वांटा पडूं लागला होता. या धरणाविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापटांनीं त्यासाठीं तुरुंगवास सोसला. आणि तरीहि जमिनी पाण्याखालीं गेल्या. तारेचा माग काढीत गेलेला संशोधक या गांवांपर्यंत पोंचल्याशिवाय राहात नाहीं. समारंभापाशीं थांबणारा मात्र तेथें कधींच पोंचत नाहीं.

विजेची गाडी म्हणजे धुराचा शेवट, हें विधानहि तपासून घ्यावें. जी. आय. पी. नें ठाकुर्लीजवळ चोळें येथें स्वतःचें वीजगृह उभारलें तें कोळशावर चालणारें होतें. १९२९ सालीं तें सुरू झालें, आणि त्याच वर्षीं कल्याण-पुणें मार्गावर विजेचीं इंजिनें धांवूं लागलीं. बोर घाटांतील धूर गेला हें खरें. पण त्याचा कांहीं भाग ठाकुर्लीस राहावयास गेला, एवढेंच.

२०१६ सालीं हार्बर मार्गावरून १५०० व्होल्टचा प्रवाह कायमचा गेला व २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. निरुपयोगी ठरलेल्या यंत्रांमागोमाग त्यांचे कागदहि रद्दींत जातात, हा अनुभव नवा नाहीं. एका बखरीच्या पानासाठीं जुने वाडे धुंडाळणाऱ्या आमच्या संग्राहक मित्रांस आमची विनंति आहे कीं, उपकेंद्रांच्या रोजनिश्या, खांबांचे नकाशे, आणि विशेषतः मुळशीच्या जमिनीसंबंधींच्या नोटिसा व पावत्या यांसहि दस्तऐवजाचा मान द्यावा. त्या मिळाल्या तरच राहिलेलें अर्धें चरित्र लिहितां येईल.