कामावर जाणं म्हणजेच प्रवास?

शहरातल्या वाहतुकीवर संशोधन करायचं ठरलं की २०११ च्या जनगणनेतला बी-२८ हा तक्ता हाताशी येतो. घरापासून कामाच्या जागेपर्यंतचं अंतर आणि प्रवासाचं साधन, तेही स्त्री-पुरुष वेगवेगळं. तक्ता मोलाचा आहेच. पण त्यावरून 'बायका शहरात कशा फिरतात' हे सांगायला गेलात, तर फसाल.

आधी बघा, प्रश्न कुणाला विचारलाय. 'इतर कामगारांना', म्हणजे शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले वगळून उरलेल्यांना. गृहिणीचा दवाखाना, मुलांची शाळा यात नाहीच. नोकरी करणारी बाई आहे, पण अर्धीच. मुंबईतलं उदाहरण घ्या. ती मुलाला शाळेत सोडते, शेअर रिक्षाने स्टेशन गाठते, लोकल पकडते; येताना भाजी घेऊन पाळणाघरातून धाकट्याला आणते. तक्त्यात साधन एकच, म्हणून उरतं फक्त 'रेल्वे'.

अशा फेऱ्यांना स्पेनच्या नगररचना अभ्यासक इनेस सांचेझ दे मादारियागा 'मोबिलिटी ऑफ केअर' म्हणतात. आपण 'सांभाळाचा प्रवास' म्हणू. तो मोजलाच नाही, तर नियोजन ऑफिसच्या वेळांभोवतीच फिरतं. दुपारी शाळा सुटल्यावर कडेवर मूल आणि हातात दप्तर घेऊन थांबलेल्या बाईला बस किती वेळाने मिळते, बसची पायरी किती उंच आहे, दोन वाहनं बदलली तर भाडं किती होतं, हे प्रश्न अहवालात येतच नाहीत.

मग करायचं काय? २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाची जोड घ्या. त्यात सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंदवलाय आणि सांभाळाची कामंही येतात. अर्थात, त्यातून वेळ कळते, बसमधली गर्दी नाही. ती समजायला स्वतःच फील्डवर जावं लागेल.

तिथे आणखी एक खाचखळगा आहे. सुरक्षिततेची प्रश्नावली फक्त बसथांब्यावर भरून घेतली, तर त्रासाला कंटाळून बस सोडलेली बाई किंवा क्लास बंद केलेली मुलगी तुम्हाला भेटणारच नाही. आकडे मात्र 'बहुतेकींना सुरक्षित वाटतं' असं सांगतील. म्हणून घरोघरी जा. कालच्या दिवसातला प्रत्येक टप्पा विचारा, सोबत कोण होतं ते विचारा. आणि कुठे जायचं होतं पण गेला नाहीत, हेही विचारा. प्रश्नावलीत या शेवटच्या उत्तरासाठी जागा मोकळी ठेवा.