बायारचा 'बुडालेला मनुष्य' : प्रतिमा आणि पाठीवरील मजकूर

छायाचित्रकलेच्या इतिहासातील चमत्कारिक व सुंदर प्रतिमांचे जे संग्रह निघतात, त्यांत हिप्पोलित बायार या फ्रेंच संशोधकाने १८४० मध्ये घेतलेले स्वतःचे छायाचित्र हटकून आढळते. उघड्या अंगाचा, कमरेभोवती वस्त्र गुंडाळलेला एक मनुष्य डोळे मिटून एका बाजूस कलला आहे. शेजारी गवती टोपी आहे. 'छायाचित्राचे पहिले असत्य' असे त्याचे वर्णन करण्याचा प्रघात आहे. तो तपासून पाहणे अवश्य आहे.

बायारने कागदावर थेट धनचित्र उमटविण्याची रीत शोधली आणि १८३९ मध्ये पॅरिस येथे आपली चित्रे मांडलीही. परंतु त्याच वर्षी फ्रेंच शासनाने दागेरला वार्षिक ६,००० फ्रँकांचे वेतन बांधून दिले. बायारची बोळवण साहित्यखर्चाच्या ६०० फ्रँकांवर झाली. या उपेक्षेला दिलेले उत्तर म्हणजे प्रस्तुत चित्र होय.

मात्र चित्रात मृत्यू कोठेच नाही. निद्रिस्त आणि मृत यांतील भेद छायाचित्र सांगू शकत नाही. तो पाठीवरील मजकूर सांगतो : हे प्रेत बायारचे आहे, शासनाने दागेरला उदंड दिले, बायारसाठी काही करणे शक्य नाही असे म्हटले, आणि त्या दुर्दैवी मनुष्याने पाण्यात जीव दिला. येथे दर्शक सर्वनामाने प्रतिमेला वाक्याचे उद्देश्य केले आहे, तर तृतीय पुरुषाने लेखकाला बोलणाऱ्याच्या जागेवरून दूर सारले आहे. चित्रात चेहरा व हात काळवंडलेले दिसतात. उन्हाने रापलेली त्वचा, असे त्याचे कारण सांगितले जाते. मजकूर मात्र तेच कुजण्याचे चिन्ह ठरवितो आणि दुर्गंधी जाणवण्यापूर्वी पुढे सरकावे, असे प्रेक्षकांना सुचवितो. प्रतिमेतील उणिवेचा शब्दांनी पुरावा केला.

तेव्हा असत्य प्रतिमेचे नव्हे, वाक्याचे आहे; आणि तेही फसविणारे नव्हे. मजकुराखाली बायारची आद्याक्षरे आणि १८ ऑक्टोबर १८४० ही तारीख आहे. प्रेताने स्वतःच्या मृत्युवार्तेवर सही करावी, यातच कबुली आली. तक्रार खरी, मृत्यू खोटा, हे वाचकाने ओळखावे अशीच ही योजना आहे. बायार पुढे १८८७ पर्यंत जगला.

संग्रहकार केवळ पुढची बाजू छापतात तेव्हा ते उद्देश्य ठेवून विधेय गाळतात. मग उरते ते कुतूहल. बायारचे गाऱ्हाणे दुसऱ्यांदा दुर्लक्षिले जाते. जुन्या प्रतिमांच्या अभ्यासकाने कागद उलटून पाहण्याची सवय लावून घेतली पाहिजे.