भावना हे संगीताचे सारतत्त्व आहे काय?

‘संगीत ही भावनांची भाषा आहे’ हे विधान इतके रूढ झाले आहे की, त्याला व्याख्येचेच स्थान मिळाले आहे. व्हिएन्नाचा समीक्षक एडुआर्ड हान्स्लिक याने १८५४ साली ‘सांगीतिक सौंदर्याविषयी’ या ग्रंथात त्याला दिलेले आव्हान म्हणूनच अद्याप शिळे झालेले नाही. संगीताने भावना जागृत होतात, हे हान्स्लिकला मान्य होते. भावना हा संगीताचा आशय असतो, हे त्याने नाकारले. भय, आशा, शोक यांतील भेद केवळ मनाच्या चलनवलनाने ठरत नाही. कशाचे भय, कोणाविषयी शोक, ही विषयाची जाणीव त्या त्या भावनेच्या घडणीतच असते. शब्दविरहित संगीताजवळ असा विषय नसतो. वेग, चढउतार, ताण आणि उपशम एवढेच त्याला मांडता येते. ग्लुकच्या १७६२ मधील ‘ऑर्फेओ एद एउरिदीचे’ या संगीतिकेत पत्नीला गमावलेला ऑर्फेओ जे प्रसिद्ध शोकगीत गातो, त्याच्या चालीवर मीलनाच्या आनंदाचे शब्दही सहज बसतील, असे हान्स्लिक ग्लुकच्या एका समकालीनाच्या आधारे दाखवितो.

रससिद्धान्ताने या आक्षेपाला परस्पर उत्तर दिले आहे, असे मानण्याची प्रवृत्ती आपल्याकडे दिसते. ती तपासून घेतली पाहिजे. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त स्वर व जाती यांचा रसांशी संबंध जोडला तो नाट्यप्रयोगाच्या संदर्भात, आणि रसनिष्पत्तीला त्याच्या मते विभावादिकांचा संयोग लागतो. नुसत्या आलापात विभाव कोणता? हान्स्लिकचाच प्रश्न येथे निराळ्या परिभाषेत पुन्हा उभा राहतो.

आनंदवर्धनाची भूमिका अधिक मार्मिक आहे. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतातील त्याच्या प्रतिपादनाचा आशय असा : गीतातील नाद वाचक नसूनही रसादींचे व्यंजक असतात, म्हणून व्यंजना ही अभिधेहून भिन्न मानली पाहिजे. हान्स्लिकच्या युक्तिवादातील दुबळा दुवा येथे उघड होतो. जे निश्चितपणे निर्देशिता येत नाही ते सुचविताही येत नाही, हे त्याने गृहीत धरले आहे. वस्तुतः ऑर्फेओच्या त्या चालीवर आनंद शोभला तरी रणावेश शोभणार नाही. नाद भावना निश्चित करीत नसले तरी तिचे क्षेत्र मर्यादित करतात. मात्र गीत रस सुचविते, ही आनंदवर्धनाची प्रतिज्ञा नव्हे, हेतू आहे. ते सर्वमान्य म्हणून घेऊन तो पुढे जातो. त्यामुळे संगीताच्या भावमयतेचा पुरावा म्हणून त्याची साक्ष काढता येत नाही.

तात्पर्य, संगीताला भावना सुचविता येतात. परंतु एखादे सामर्थ्य असणे आणि तेच सारतत्त्व असणे यांत अंतर आहे. एकाच रागात विरहाचीही बंदिश गाइली जाते आणि उत्सवाचीही. तराण्यातील बोल तर लयीच्या खेळानेच श्रोत्याला बांधून ठेवतात. भावार्थ सांगता येत नाही म्हणून त्याला उणे लेखणे अन्यायाचे ठरेल. या वादाचे खरे मोल संगीतसमीक्षेला आहे. ‘आर्त’, ‘करुण’ ही विशेषणे योजताना तो भाव कोणत्या स्वरसंगतीने, कोणत्या लयीने वा कोणत्या शब्दाच्या साहाय्याने सिद्ध झाला, हे समीक्षकाने दाखविले पाहिजे. एरवी त्याचे लेखन संगीताविषयी न राहता त्याच्या स्वतःच्या मनःस्थितीचे वर्णन होऊन बसते.