डायनासोरच्या जीवाश्म अंड्यांचे कवचाधारित वर्गीकरण : एक चिकित्सा

प्रस्तावना :
डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म अनेक देशांत विपुल प्रमाणात सापडतात; परंतु ओळख पटेल असा भ्रूण त्यांत क्वचितच टिकून राहतो. त्यामुळे अंडे नेमके कोणत्या प्राण्याचे, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित राहतो. या अडचणीतूनच कवचाच्या रचनेवर आधारलेली स्वतंत्र वर्गीकरणपद्धती उदयास आली. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा तपासल्या आहेत.

पद्धतीचे स्वरूप :
चिनी संशोधक झाओ झिकुई यांनी १९७५ मध्ये अंड्यांना प्राण्यांपासून वेगळी नावे देण्याची पद्धत मांडली. १९९० च्या दशकात रशियन संशोधक कॉन्स्टँटिन मिखाइलोव्ह यांनी तिला सुसूत्र रूप दिले. अंडकुल, अंडप्रजाती व अंडजाती अशी तिची उतरंड आहे. कवचाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कॅल्साइटच्या घटकांची मांडणी, थरांची संख्या, श्वसनरंध्रांचा प्रकार, पृष्ठभागावरील नक्षी व जाडी यांवरून वर्ग निश्चित केला जातो. उदाहरणार्थ, 'मेगालूलिथस' अंडी गोलाकार असून त्यांच्या कवचात पंख्याच्या आकाराचे घटक एकाच थरात उभे असतात. 'एलाँगॅटूलिथस' अंडी लांबट असून त्यांचे कवच दोन थरांचे असते.

नाव आणि नावाचा धनी :
अंड्याला प्राण्याचे नाव देण्याची घाई किती महागात पडते, हे मंगोलियातील प्रकरणावरून दिसून येते. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेला १९२३ मध्ये तेथे लांबट अंड्यांची घरटी मिळाली. परिसरात प्रोटोसेराटॉप्सचे सांगाडे विपुल होते, म्हणून अंडीही त्याचीच मानली गेली. घरट्याजवळ सापडलेल्या दुसऱ्या प्राण्याला १९२४ मध्ये 'ओव्हिरॅप्टर' म्हणजे 'अंडीचोर' हे नाव मिळाले. १९९३ मध्ये तशाच अंड्यात ओव्हिरॅप्टर कुळातील भ्रूण आढळला आणि ज्याला चोर ठरविले त्याच्याच कुळाची ती अंडी असल्याचे सिद्ध झाले. नाव मात्र नियमानुसार कायम राहिले. समांतर नामकरणाची गरज यातून पूर्णतः स्पष्ट होते.

भारतीय संदर्भ :
मध्य व पश्चिम भारतातील लमेटा खडकांतील कवचांचे या पद्धतीनुसार वर्गीकरण अशोक साहनी व आशू खोसला यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातून टायटॅनोसॉर गटाची ९२ घरटी व २५६ अंडी नोंदविली गेली. त्यांत सहा अंडजाती ओळखून, सांगाड्यांवरून दिसते त्यापेक्षा टायटॅनोसॉरांचे वैविध्य अधिक असावे, असे सुचविण्यात आले. हे अनुमान विचारार्ह आहे. परंतु येथेच सावधगिरी हवी. छेद कोणत्या दिशेने घेतला यावर घटकांचा दिसणारा आकार अवलंबून असतो. वाढणारा भ्रूण कवचाच्या आतील बाजूतून कॅल्शियम शोषतो. पुढे जमिनीतील पाण्याने कवच झिजते व त्यातील स्फटिकांची पुनर्रचना होते. म्हणजेच एकाच मादीच्या अंड्यांतही भेद संभवतात. अंडजातींची संख्या ही प्राण्यांच्या जातींची शिरगणती नव्हे.

पद्धतीला न दिसणारे :
२०२० मध्ये प्रोटोसेराटॉप्सची अंडी मऊ कवचाची असल्याचे प्रसिद्ध झाले. ज्या प्राण्याच्या नावावर सत्तर वर्षे कठीण कवचाची अंडी जमा होती, त्याची खरी अंडी या वर्गीकरणाच्या कक्षेतच येत नाहीत. कॅल्साइटच्या घटकांवर उभारलेली पद्धती मऊ कवचाविषयी मौनच बाळगणार. म्हणून एखाद्या प्रदेशात एखाद्या गटाची अंडी न मिळणे, हा तो गट तेथे नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

निष्कर्ष :
कवचाधारित वर्गीकरण हे वर्णनाचे प्रामाणिक साधन आहे. वंशावळीचा दाखला नव्हे. अंडे व प्राणी यांचा संबंध भ्रूणानेच जुळवावा; तोपर्यंत अंड्याचे नाव अंड्यापुरतेच ठेवावे. वर्गात हा विषय शिकविताना वर्गांच्या यादीइतकेच महत्त्व या मर्यादेला देणे आवश्यक आहे.