सात दिवस आणि वीस मिलिमीटर

पाण्याची टाकी बांधून झाली की ती गळते की नाही हे कसं ठरवायचं? भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस ३३७० या संहितेच्या पहिल्या भागात यासाठी एक छोटं कलम आहे. संहिता १९६५ची, पुढे सुधारत गेलेली. निविदांमध्ये या कलमाचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. मला मात्र ते सावकाश वाचावंसं वाटतं. इतक्या थोड्या जागेत वस्तूच्या स्वभावाची एवढी जाण दाखवणारा सरकारी मजकूर माझ्या वाचनात फारसा आलेला नाही.

कलमाचा आशय असा. जिच्या भिंती बाहेरून पाहता येत नाहीत अशा भूमिगत टाकीत पाणी भरायचं आणि सात दिवस थांबायचं. मग पातळीची पहिली नोंद करायची. त्यानंतर दर चोवीस तासांनी एक नोंद, आणखी सात दिवस. या दुसऱ्या आठवड्यात पातळी एकूण किती उतरली त्यावर टाकीचा निकाल. उंच टाकीच्या भिंती चारी बाजूंनी दिसतात, म्हणून तिथे मोजमापाच्या जागी डोळ्यांची कसोटी आहे. तेवढेच दिवस बाहेरचा पृष्ठभाग कोरडा राहिला पाहिजे, कुठे ओल फुटता कामा नये.

यातला पहिला आठवडा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यात काहीच मोजायचं नाही. नवं काँक्रीट पाणी पितं, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत ते शिरत राहतं आणि पातळी उतरते. ही गळती नव्हे. नवा माठ आणला की आपण तो आधी भरून ठेवतो, त्यानं प्यायलेल्या पाण्याबद्दल त्याला फुटका म्हणत नाही. टाकीलाही कलम ही मुभा देतं. पहिल्याच दिवशी पट्टी लावली असती तर चांगली टाकीही नापास झाली असती.

दुसरी गोष्ट, आकडा सांगण्याआधी कलम माणसाचा विचार करतं. टाकी उघडी आहे की झाकलेली, उन्हानं किती पाणी उडेल, हे पाहून किती उतार चालेल ते प्रभारी अभियंत्यानं ठरवायचं आहे. आकडा येतो तो त्यानंतर, झाकलेल्या भूमिगत टाक्यांसाठी, बहुतेक कामांना पुरेल अशी मर्यादा म्हणून. १९६५च्या मजकुरात ती सात दिवसांत ४० मिलिमीटर होती. २००९च्या आवृत्तीत ती २० झाली. चव्वेचाळीस वर्षांत सिमेंट सुधारलं, व्हायब्रेटर सर्रास आले, सांध्यात पीव्हीसीच्या वॉटरस्टॉप पट्ट्या बसू लागल्या. कारागिरीकडून वाढलेली अपेक्षा त्या एका बदललेल्या आकड्यात वाचता येते.

वीस मिलिमीटर म्हणजे किती? तीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि चार मीटर पाण्याची टाकी घ्या. तिच्यात २४ लाख लिटर मावतात. वीस मिलिमीटर उतार म्हणजे १२,००० लिटर, आठवड्याला एका मोठ्या टँकरहून थोडं जास्त. एकूण साठ्याच्या अर्धा टक्का. शून्य गळतीचा हट्ट कलम धरत नाही, कारण असं काँक्रीट नसतं. तरीही माझं एक म्हणणं आहे. बीएस ८००७ या ब्रिटिश संहितेनं उतार पाण्याच्या खोलीशी बांधला होता: सरासरी खोलीचा पाचशेवा भाग किंवा १० मिलिमीटर, जे कमी असेल ते. आपल्या या टाकीला तिथे ८ मिलिमीटरच मिळाले असते. खोल आणि उथळ टाकीला एकच माप लावण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक नेमकी वाटते. या एका जागी आपलं कलम सैल आहे.

पण पुढच्याच वाक्यात ते पुन्हा मन जिंकतं. टाकी मर्यादेत बसली नाही, पण रोजचा उतार कमी कमी होत चालला असेल, तर तिला आणखी सात दिवस द्यावेत, आणि तेवढ्यात ती मर्यादेत आली तर स्वीकारावी, असं ते सांगतं. यामागे पक्कं विज्ञान आहे. केसासारख्या बारीक भेगेतून पाणी झिरपतं तेव्हा आत शिल्लक राहिलेलं सिमेंट पुन्हा पाणी घेऊन फुलतं, चुन्याचे कण कॅल्शियम कार्बोनेट होऊन भेगेत साचतात आणि भेग आपोआप भरत जाते. म्हणून रोजच्या नोंदी लागतात. पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची वजाबाकी करून एकूण उतार कळेल, पण टाकी भरून येते आहे की तशीच वाहते आहे हे कळणार नाही. रोज सारखाच उतरणारा आकडा दिसला, तर आधी बंद व्हॉल्व्ह नीट बसलेत का ते पाहावं. पुष्कळदा पाणी तिथून जातं आणि दोष भिंतीवर येतो.

छपराची कसोटी जुन्या मजकुरात वेगळी दिली आहे: स्लॅबवर किमान २५ मिलिमीटर पाणी चोवीस तास उभं ठेवायचं आणि खालून पाहायचं, कुठे डाग किंवा थेंब दिसतो का. शुद्ध पाण्याच्या टाकीसाठी मी या ओळी भिंतींच्या कलमापेक्षाही मोलाच्या मानतो. भिंत गळली तर पाणी बाहेर जातं, नुकसान होतं. छप्पर गळलं तर बाहेरचं पाणी आत येतं, आणि आतलं पाणी त्याआधीच गाळून, क्लोरीन देऊन पिण्याजोगं झालेलं असतं. त्यापुढे शुद्धीकरणाची कुठलीच पायरी नाही, थेट नळ आहे.

हे सगळं शांतपणे करता येतं ते नव्या जागी नवी टाकी असेल तेव्हा. चालू जलशुद्धीकरण केंद्रातली जुनी टाकी बदलायची असते तेव्हा याच मजकुराचा कस लागतो. फिल्टरनंतरची ही टाकी नुसता साठा नसते. क्लोरीनला जंतू मारायला किमान अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास पाणी बहुधा याच टाकीत काढतं. ती बंद केली की पहाटेच्या मागणीसाठीचा साठाही जातो आणि तो अर्धा तासही. म्हणून आधी शेजारी नवी उभी करतात, किंवा दोन कप्पे असतील तर एक चालू ठेवून दुसरा पाडतात. मधल्या भिंतीची परीक्षा तर दोनदा हवी, एकदा डावीकडे पाणी भरून आणि एकदा उजवीकडे. जमिनीत पाणी वर आलेलं असेल तर रिकामा कप्पा खालून उचलला जाण्याचाही धोका असतो. या काळात शहर अर्ध्या साठ्यावर चालतं, तक्रारी येतात, चावीवाल्याला गल्लोगल्ली बोलणी बसतात. अशा वेळी चौदा दिवसांची चाचणी चार दिवसांत आटोपण्याचा मोह होतो. ती तशी आटोपली तर पहिल्या आठवड्यातलं शोषण आणि खरी गळती एकमेकांत मिसळतात आणि हाती आलेल्या आकड्याला काहीच अर्थ राहत नाही.

मुंबईत मलबार हिलवर, हँगिंग गार्डनच्या पोटात, १८८०च्या दशकात बांधलेला जलाशय आहे. दक्षिण मुंबईचा मोठा भाग त्याचं पाणी पितो. तो पाडून नवा बांधायचं ठरलं तेव्हा वरची शेकडो झाडं जाणार म्हणून रहिवाशांनी हरकत घेतली. २०२३ साली आयआयटी मुंबईच्या प्राध्यापकांसह तज्ज्ञांची समिती नेमली गेली, कप्पे रिकामे करून माणसं आत उतरली, आणि शेवटी पाडकाम टळून दुरुस्तीचा मार्ग पत्करला गेला. वय पाहून टाकी मोडीत काढायची नाही, आत जाऊन तिची अवस्था पाहायची, ही कलमाचीच वृत्ती आहे. तिथे डोक्यावर माती, झाडं आणि मुंबईचा पाऊस आहे. छपराच्या त्या ओळी तिथे किती जपून वाचायला हव्यात हे वेगळं सांगायला नको.

गळतीत पास झालेली टाकी लगेच जोडत नाहीत. ती धुऊन, क्लोरीननं निर्जंतुक करून पाण्याचा नमुना तपासतात. आयएस १०५०० प्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडताच कामा नये. इथे कुठलीही सवलत नाही, आणि ते योग्यच आहे.

तुमच्या गावात नवी टाकी सुरू होईल तेव्हा फीत कापण्याच्या फोटोवर थांबू नका. पाणीपुरवठा विभागाकडे दोन कागद मागा: दुसऱ्या आठवड्यातल्या पातळीच्या रोजच्या नोंदी आणि पाण्याच्या नमुन्याचा अहवाल. माहिती अधिकारात अर्जाला १० रुपये लागतात, आणि नुसते कागदच नव्हे, प्रत्यक्ष काम पाहण्याचा हक्कही त्या कायद्यानं दिला आहे. तो वापरा.