धनंजय माने आणि मारुती कांबळे

आमच्या फ्लॅटवर शनिवारी रात्री सिनेमा असतो. नियम साधा आहे. ज्याची पाळी त्याचा सिनेमा, आणि बाकीच्यांनी मोबाइल पालथा ठेवायचा. नियमाचा दुसरा भाग कुणीच पाळत नाही. आम्ही चौघं. दोघं आयटीतले, मी इकडेतिकडे लिहिणारा, आणि चौथा स्पर्धा परीक्षा देऊन थकलेला, आता एका क्लासमध्ये शिकवणारा. तो सोलापूरकडचा. कमी बोलतो, पण सिनेमा निवडताना सगळ्यात जास्त हट्टी.

मागच्या महिन्यात लागोपाठ दोन शनिवारी आम्ही दोन मराठी सिनेमे पाहिले. पहिला ‘अशी ही बनवाबनवी’. तो आम्ही ‘पाहतो’ असं म्हणणंही चूक आहे, आम्ही तो सोबत म्हणतो. दुसरा ‘सामना’. तो चौथ्याने लावला. आमच्यापैकी कुणीही तो आधी पाहिलेला नव्हता. पाहिलेला नसूनही त्यातला एक प्रश्न तिघांना पाठ होता, आणि हे मला फार विचित्र वाटलं.

मराठी सिनेमाने बोलण्यात दोन प्रश्न कायमचे सोडून दिलेत. एक, धनंजय माने इथेच राहतात का? दुसरा, मारुती कांबळेचं काय झालं? पहिला आपण दारावरची बेल वाजवतानाही म्हणतो. त्याचे स्टिकर आहेत, टी-शर्ट आहेत. दुसरा आपल्या आईवडिलांच्या पिढीत भाषणात, मथळ्यात यायचा. एखादं प्रकरण दाबलं गेलं की कुणीतरी तो विचारायचं. आमच्या वयाची मुलं तो ऐकीव म्हणूनच वापरतात, तेही थट्टेत. फ्रिजमधलं श्रीखंड संपलं की आमच्याकडे मारुती कांबळेची चौकशी होते. मीच सुरू केलं होतं ते.

तर आधी बनवाबनवी. 1988चा सिनेमा. दिग्दर्शक सचिन, निर्माते किरण शांताराम, लेखन वसंत सबनीसांचं. गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या 1966च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली, हे आता बहुतेकांना माहीत असतं. पण मूळ हिंदी सिनेमा कुणी मुद्दाम शोधून पाहत नाही, आणि मराठी सिनेमा दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या घरात चालू असतो. याचं अर्ध्याहून जास्त श्रेय मी सबनीसांना देईन. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणारा हा माणूस. लोकनाट्यात पात्राला रंगमंचावर अडचणीत टाकून तिथल्या तिथे बोलण्यातून सोडवायचं असतं. बनवाबनवीत तेच चालतं. धनंजय माने थाप मारतो, थाप अंगाशी येते, तिच्यावर तो दुसरी मोठी थाप चढवतो. अशोक सराफ हे करताना चेहऱ्यावर एक कंटाळा ठेवतात, जणू खोटं बोलणं हे रोजचं ऑफिसचं काम आहे. सत्तर रुपयांचा विनोद आपल्याला हसवतो तो त्या कंटाळ्यामुळे. दुसऱ्या कुणी तो जोशात केला असता तर मेला असता. (तोसुद्धा वारला असता, असं लिहायचा मोह आवरला.)

लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती मला दर वेळी नव्याने पटते. साडी नेसलेला पुरुष ही मराठी रंगभूमीला नवी गोष्ट नाही, पण बेर्डे पार्वतीला बाई म्हणून सुंदर करायला जात नाहीत. परश्या आत वैतागलेला आहे, हे पदराआडून सतत दिसत राहतं. सचिनची सुधा जास्त सफाईदार आहे आणि म्हणून कमी मजेशीर. डोहाळजेवणाच्या प्रसंगी तर दोघांमधला हा फरक डोळ्यांत भरतो. सिनेमातल्या बायका मात्र शेवटी फार पटकन माफ करतात. इतक्या मोठ्या फसवणुकीनंतर एकीनेही दार लावून घेऊ नये? पण तेव्हा आपण हसून दमलेले असतो, सोडून देतो.

या वेळी माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. हा सिनेमा खोलीबद्दल आहे. पुण्यात भाड्याने खोली मिळत नाही, एवढंच त्याचं इंजिन. विश्वास सरपोतदार घराबाहेर काढतात. मग लीलाबाई काळभोर भेटतात, ज्यांना फक्त जोडपी हवीत. चौघा पोरांमध्ये एकच उणीव आहे, बायको नाही. ती उणीव साडीने भरून निघते. म्हणजे घरमालकाच्या अटीत बसण्यासाठी त्यांना जे खोटं लागतं, ते कपाटात मिळतं. नेसता येतं, रात्री सोडूनही ठेवता येतं. विनोद होतो तो यामुळेच. साडी सुटेल का, विग पडेल का, एवढीच भीती. मी हे बोलून दाखवलं तेव्हा आयटीवाले दोघं म्हणाले, तू सिनेमा बघ ना बाबा. चौथा काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी त्याने सामना लावला.

‘सामना’ 1974चा, कृष्णधवल. जब्बार पटेलांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, विजय तेंडुलकरांची पटकथा, रामदास फुटाणे निर्माते. पटेल आणि तेंडुलकर ही जोडी दोनच वर्षं आधी ‘घाशीराम कोतवाल’ करून बसली होती. 1975मध्ये सामना बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. एक गंमत: पटेल बालरोगतज्ज्ञ, श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. एवढे डॉक्टर एका सिनेमात, आणि सगळा सिनेमा एका बेपत्ता माणसाबद्दल.

गोष्ट अशी. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. गावात त्याच्या शब्दाशिवाय काही हलत नाही. त्याला एक दारुडा म्हातारा सापडतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. कधीकाळी स्वातंत्र्यलढ्यात होता, आता कुठेच नाही. हिंदुराव त्याला घरी आणतो. खायला घालतो, दारू पाजतो, आपलं साम्राज्य फिरून दाखवतो. का? मला वाटतं, त्याला साक्षीदार हवाय. ज्या लोकांवर आपली सत्ता आहे त्यांच्या कौतुकाला चव नसते. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या माणसाने ‘वा’ म्हटलं तर मजा. आणि नेमका हाच माणूस कुठेतरी मारुती कांबळेचं नाव ऐकतो आणि विचारतो, त्याचं काय झालं?

निळू फुले हा प्रश्न पहिल्यांदा ऐकतात तेव्हा जवळजवळ काहीच करत नाहीत, आणि तिथे मी पॉपकॉर्न बाजूला ठेवलं. आम्ही निळू फुले ओळखतो ते मिमिक्रीतून. लांबवलेले शब्द, तिरका डोळा, ‘बाई’. ही मिमिक्री करणाऱ्या कुणीच सामना नीट पाहिलेला नसणार. इथला हिंदुराव हळू बोलतो. त्याला आवाज चढवायची गरज कधी पडलेलीच नाही. तो मास्तरवर खरंच जीव लावतो, आणि तरी त्याच्याशी खोटं बोलतो. दोन्ही गोष्टी एकाच नजरेत दिसतात. प्रत्यक्ष आयुष्यात सेवा दलात वाढलेला, चळवळींत वावरलेला हा माणूस खलनायक इतक्या आतून कसा करू शकला, याचं उत्तर कदाचित त्यातच आहे. अशी माणसं त्याने जवळून पाहिली होती, आणि त्यांचा मोहही ओळखला होता.

लागूंचा मास्तर आम्हाला सुरुवातीला जड गेला. झोकांड्या, मोठ्याने हसणं, नाटकी वाक्यं. ‘हे ओव्हर आहे,’ असं आमच्यातला एक म्हणालासुद्धा. अर्ध्या सिनेमानंतर लक्षात आलं की मास्तरचा नाटकीपणा त्याची ढाल आहे. दारुड्याला कुणी गंभीरपणे घेत नाही, म्हणून तो काहीही विचारू शकतो. शुद्धीतल्या माणसाने हा प्रश्न त्या गावात दुसऱ्यांदा विचारला नसता. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि रवींद्र साठेंचा तो खर्जातला आवाजही याच अंगाने काम करतो. सांत्वन करत नाही, मागे मागे येत राहतो.

शेवट सांगत नाही. पन्नास वर्षं झाली असली तरी तुम्ही पाहिला नसेल, याची मला खात्री आहे.

तक्रारही आहे. सिनेमाचं नाव ‘सामना’, आणि तो सामना दोन मोठ्या माणसांचा आहे. दोन मोठ्या नटांचाही. त्यांच्या बैठका इतक्या रंगतात की ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो मारुती कांबळे, म्हणजे आगाशे, थोडाच वेळ वाट्याला येतो. फौजेतून परतलेला, ताठ मानेचा, न घाबरणारा. एवढ्यात तो संपतो. त्याला हसताना किंवा कंटाळलेला पाहायला मला आवडलं असतं. तो माणूस कमी आणि प्रश्न जास्त राहतो. आणि आपण त्याचं जे केलं, म्हणजे त्याला म्हण करून टाकलं, त्याची सोय सिनेमातच थोडी झाली होती असं मला वाटतं. धनंजय माने आपल्याला माहीत आहे, तो कुठे नोकरी करतो, कुणावर भाळतो, सगळं. कांबळेचं फक्त नाव आणि आडनाव उरलं.

हे मी त्या रात्री मोठ्या तावातावाने बोललो. चौथा म्हणाला, “आडनाव तर पहिल्यांदा ऐकलं जातं.”

मग सगळे गप्प झाले, कारण आम्हाला माहीत होतं. हा फ्लॅट घेताना आम्ही चौघं गेलो होतो. मालकांनी चहा दिला, गावं विचारली, मग आडनावं विचारली. संध्याकाळी एजंटचा फोन आला, तिघांचं जमेल म्हणाला. कारण दिलं नाही, आम्ही विचारलंही नाही. जागा स्वस्त होती, मेट्रो जवळ होती. मीच तोडगा काढला. करार तिघांच्या नावावर करू, चौथा ‘येऊनजाऊन’ राहील. मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं. मी बनवाबनवीचा दाखलाही दिला होता, आणि आम्ही हसलो होतो. तोही हसला होता. गेले सात महिने तो येऊनजाऊन राहतोय. त्याची पार्सलं माझ्या नावावर येतात. मालक येणार असले की तो वाचनालयात जातो.

साडी नेसून हे सुटलं नसतं. बनवाबनवी पाहताना मला जे नुसतं सुचलं होतं, ते तो सात महिने जगत होता. म्हणून मी बनवाबनवी वाईट ठरवतोय असं नाही. त्या सिनेमाने काय दाखवायला हवं होतं ही यादी करण्यात मला रस नाही, आणि अशोक सराफ पुढच्या वेळीही मला तितकेच हसवतील. फक्त सामनाच्या आधी तो मला घर न मिळण्याचा सिनेमा वाटायचा. आता तो खोटं बोलून घर मिळू शकणाऱ्यांचा सिनेमा वाटतो.

त्यानंतर मी एकट्याने ‘सिंहासन’ पाहिला. 1979चा, पुन्हा पटेल आणि तेंडुलकर, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून. तिथे निळू फुले पत्रकार आहेत, दिगू टिपणीस. सामनात ज्याला प्रश्न विचारला जातो तोच नट इथे सगळं पाहणारा, सगळं कळणारा माणूस होतो, आणि त्याला ते झेपत नाही. दोन्ही सिनेमे एका आठवड्यात पाहा. एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू दिसतील. माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी कामं हीच, पण हे कुणाशी तरी भांडायला ठेवतो.

मंगळवारी खाली वॉचमनकाकांनी मला थांबवलं. हातात बँकेचं पाकीट होतं, चौथ्याच्या नावाचं. त्यांनी आडनाव अडखळत वाचलं आणि विचारलं, “हे इथेच राहतात का?” माझ्या तोंडावर नेहमीचा विनोद आला होता. मी हो म्हणालो. त्यांनी वहीत लिहिलं, फ्लॅट नंबर, नाव, आडनाव, आणि माझी सही घेतली.

अकरा महिन्यांचा करार चार महिन्यांत संपतोय. या वेळी मालकांशी बोलायला मी जाणार आहे, असं मी घरात सांगितलंय. काय बोलणार ते अजून ठरलेलं नाही. दोघांना वाटतं, उगाच जागा जाईल. या शनिवारी पाळी माझी आहे. चौथ्याला विचारलं, काय लावू? तो म्हणाला, बनवाबनवी लाव रे, डोकं नको.