खुर्चीत बसवलं कुणी?

आजचा विषय मोठा आहे : जगभर लोकशाही रुजावी म्हणून चाललेलं आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि त्यातलं नागरी संघटनांचं काम. यावर बोलताना वक्ते बहुधा न्यूयॉर्क किंवा जिनिव्हापासून सुरुवात करतात. मी शेजारच्या माझगावपासून करतो. भंडारवाडा टेकडीवरच्या बागेला ज्यांचं नाव दिलंय ते जोसेफ बॅप्टिस्टा. लोक त्यांना काका म्हणत. बाग सगळ्यांना ठाऊक आहे. काका किती जणांना ठाऊक आहेत, हे मी विचारत नाही.

१९१९ साली व्हर्सायच्या तहातून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, म्हणजे आयएलओ, जन्माला आली. भारत पहिल्यापासून तिचा सभासद. आता गंमत बघा. देश पारतंत्र्यात, मताचा हक्क मूठभरांना, आणि जागतिक संघटनेत मात्र खुर्ची! पण त्या संघटनेची रचना जरा वेगळी होती. परिषदेला प्रत्येक देशातून सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे प्रतिनिधी जाणार. शिवाय मालकांचा आणि कामगारांचा माणूस ठरवायचा तो त्यांच्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने, हे तहातच लिहिलेलं होतं.

वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला आपल्या कामगारांच्या वतीने ना. म. जोशी गेले. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कार्यकर्ते, १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढणारे, कामगारवस्तीत रात्रशाळा आणि वाचनालयं चालवणारे. सचोटीबद्दल शंका घेता येणार नाही असा माणूस. पण त्यांना पाठवलं कुणी? सरकारने.

पुष्कळ लिखाणात हा मुद्दा एका वाक्यात उरकतात, माझी तक्रार तिथेच आहे. कारण यापुढे जे घडलं तेच या विषयाचं मर्म आहे. कामगारांनी आपला माणूस पाठवायचा तर त्यांची देशव्यापी संघटना हवी, आणि ती नव्हती. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटकचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष लाला लजपतराय, स्वागताध्यक्ष आपले माझगावचे काका. महागाई होती, संपांची लाट होती, ही कारणं होतीच. पण परिषदेला कोण जाणार हे आम्ही ठरवू, हेही मोठं कारण होतं. तेच जोशी १९२५ मध्ये आयटकचे सरचिटणीस झाले. माणूस तोच, पण आता त्याच्यामागे सरकारची चिठ्ठी नव्हती, संघटना होती.

बाहेरून मिळालं ते हे. हक्क आयता मिळाला नाही, एक रिकामी खुर्ची मिळाली आणि तिच्यासाठी भांडता आलं. नाहीतर त्याच वॉशिंग्टनने आपल्याला काय दिलं पाहा. आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा असा करार झाला, पण ब्रिटिश इंडियासाठी त्यात वेगळं कलम : साठ तास. साठ तासांचा कायदा इथे आला १९२२ मध्ये. मुंबईच्या गिरणी कामगारांनी मात्र १९२० मध्येच संप करून दहा तासांचा दिवस पदरात पाडून घेतला होता. सहा दिवसांचे दहा-दहा तास, करा हिशेब!

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. बरं, १९८२ घ्या. अडीच लाख कामगार संपावर. बोनस आणि पगाराच्या मागण्या सगळ्यांना आठवतात. पण मुळाशी भांडण १९२०चंच होतं : आमच्या वतीने बोलणार कोण? १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन मानली. ती ठरायची सभासदांच्या नोंदीवर, गुप्त मतदानाने नव्हे. ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होतं, आणि कामगार गेले दत्ता सामंतांच्या मागे. विधानसभेला गुप्त मतदान करणारा माणूस गिरणीच्या गेटवर मात्र बिनमताचा! ज्या आयएलओचे आपण संस्थापक सभासद, तिचे संघटना-स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांचे दोन मूलभूत करार, क्रमांक ८७ आणि ९८, भारताने अजून मंजूर केलेले नाहीत. सरकारी नोकरांवरच्या बंधनांमुळे अडचण येते, हे सरकारचं कारण. न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी ती अडचण काही सुटलेली नाही.

आणि देश म्हणून आपण दुसऱ्यांना मदतही करतो. २००५ साली संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी निघाला, त्यात सुरुवातीलाच भारताने एक कोटी डॉलर देऊ केले. हा निधी मुख्यतः जगभरच्या नागरी संघटनांना जातो. चांगलंच आहे. पण इथल्या संघटनेने बाहेरचा पैसा घ्यायचा तर परकीय देणग्यांचा कायदा आहे. तो पहिल्यांदा आला १९७६ साली, म्हणजे आणीबाणीत. २०२०च्या दुरुस्तीने मोठ्या संस्थेने घेतलेली देणगी लहान संस्थेकडे देणं बंद झालं. वाडीवस्तीवरच्या लहान संस्था त्यातच अडकल्या. पैशावर नजर असावी, याला माझा विरोध नाही. एका हाताने लांबच्या संघटनांना बळ द्यायचं आणि दुसऱ्याने घरच्यांची वाट अरुंद करायची, याला आहे.

आता आमच्याकडे येतो, कारण मीही याच धंद्यातला. एका संस्थेच्या विश्वस्त मंडळावर मी बरीच वर्षं आहे. लोकसहभागावर आम्ही शिबिरं घेतो. पण आम्ही विश्वस्त एकमेकांना निवडतो. ज्या वस्तीत काम करतो तिथल्या एकाही माणसाला आम्हाला काढता येत नाही. अहवाल जातो तो देणगीदाराला, तोही त्याच्या भाषेत.

माझ्या वडिलांच्या गावमंडळाची खोली इथेच होती. गिरणीतली, गोदीतली माणसं. दर महिन्याची वर्गणी, आणि वर्षाच्या सभेत खजिनदार उभा राहून हिशेब वाचायचा. सतरंजी कितीला घेतली, यावर अर्धा तास भांडण! लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. एके वर्षी खजिनदार बदलला. हात वर करून बदलला, आणि तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा निवडून आला. या मंडळाला लोकशाहीसाठी कुठला निधी मिळाला नव्हता. (त्या सभेत बायका नसायच्या, हेही सांगितलं पाहिजे.)

गेल्या महिन्यात मी आमच्या विश्वस्तांपुढे मांडलं, की वस्तीतून निवडून आलेली दोन माणसं मंडळावर घेऊ. एकाने विचारलं, "त्यांना हिशेब कळेल का?" ठराव पुढच्या सभेवर ढकलला. ती सभा पुढच्या शनिवारी आहे. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलाय, आमच्या संस्थेचे हिशेब मी बरोबर आणलेत. तिथूनच सुरुवात केलीत तरी चालेल.